चार मिनिटांची उशी

आमच्या इमारतीत केलरमधला, म्हणजे तळघरातला, दिवा तीन मिनिटं जळतो आणि मग कुणाला काही न विचारता पडदा पाडतो. ज्याचं काम राहिलंय त्याने अंधारात भिंत चाचपायची, बटण शोधायचं आणि पुढचा अंक सुरू करायचा. शेजारी या व्यवस्थेला शिव्या घालतात. मला ती मनापासून आवडते. हॅनोव्हरमध्ये सतरा वर्षं काढलेल्या आणि दर गणपतीत मंडळाच्या नाटकात तोंडाला रंग फासून उभं राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला तीन मिनिटांचा प्रकाशझोत म्हणजे चैनच.

गेल्या शनिवारी दुपारी मी आणि माझी अकरा वर्षांची लेक इरा तिचे जुने स्केट्स शोधायला खाली गेलो होतो. आमच्या वाट्याच्या कोठडीचं लाकडी जाळीचं दार उघडलं. तिथला ठरलेला वास आला: दमट सिमेंट, सायकलचं रबर, कुणाची तरी मागच्या वर्षीची सफरचंदं. मी खोक्यांच्या मागे हात घातला तर बोटांना काहीतरी गार आणि जड लागलं, आणि ते सरसरलं. हजारो बारीक गोल दाणे एकमेकांवरून घसरले की येतो तो आवाज. दारामागून आलेला एखाद्या माणसाचा आवाज आपण ओळखतो, तसा मी तो ओळखला. तेवढ्यात दिवा गेला.

"बाबा, लिश्ट!" इरा ओरडली.

"लाव ना तूच. तुझ्याच मागे आहे बटण."

तिने ते शोधेपर्यंत मी ती उशी छातीशी धरून उभा होतो. दोन तळहातांएवढी. आत मोहरी, वर माझ्या सासूबाईंच्या, माईंच्या, एका जुन्या पाचवारीचं कापड. धुऊन धुऊन साईसारखं झालेलं, फिकट अबोली. या उशीबद्दल माईंचं मागणं एकच होतं, की नातीने हिच्यावर झोपावं. एवढ्या मागण्यासाठी मी केवढा देखावा उभा केला, आणि मग त्याचं काय करून बसलो, ते त्या अंधारात सगळं एकदम अंगावर आलं.

माई मिरजेत राहायच्या. त्यांच्या गल्लीत मूल जन्माला आलं की पाचवीच्या आत माईंची उशी त्या घरी पोचलेली असायची. मोहरी धुवायची, दोन उन्हं दाखवायची, पिशवी अर्धीच भरायची. बाळाचं डोकं टेकलं की दाणे बाजूला सरकतात, मधे खळगा पडतो आणि डोकं गोल राहतं, असा माईंचा सिद्धांत. गल्लीतली दोन पिढ्यांची डोकी त्या आपली कामगिरी म्हणून मिरवत. माझं डोकं मागून चपटं आहे. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा माईंनी मला समोरून फारसं पाहिलंच नव्हतं. चहा घेताना त्या माझ्या खुर्चीमागून दोनदा गेल्या आणि आत जाऊन मीनलला, माझ्या होणाऱ्या बायकोला, म्हणाल्या, "माणूस बरा दिसतोय, पण लहानपणी कुणी लक्ष दिलेलं नाही."

आता नातीचं डोकं जर्मनीत. माईंनी उशी पुण्याहून येणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याकडे दिली. फ्रँकफर्टला कस्टमच्या माणसाने ती हातात घेऊन हलवली, कानाशी नेली आणि विचारलं, हे काय? सहकारी घाबरून म्हणाला, मसाला. कुणासाठी? बाळासाठी. त्या अधिकाऱ्याने म्हणे बराच वेळ त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि सोडून दिलं.

उशी घरी आली तेव्हा इरा तीन आठवड्यांची होती. नोव्हेंबर. सकाळी आठलाही खिडकीत उजेड नाही, चारला पुन्हा नाही. हाइत्सुंगवर, म्हणजे खोलीतल्या हीटरवर, वाळणारे लंगोट, बाळंतशोपेचा वास, आणि दर दोन दिवसांनी सायकलवरून येणारी आमची हेबामे, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघायला घरी येणारी सुईण. तिच्या ओल्या रेनकोटला झेंडूच्या मलमाचा वास यायचा. त्या दिवशी तिने पाळण्याच्या पलंगात वाकून पाहिलं आणि एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. कापडी ससा. मीनलची ओढणी. खुळखुळा. सगळ्यात शेवटी माईंची उशी. ती तिने दोन्ही हातांनी, आदराने, माझ्या हातात दिली.

"काइन किसेन," ती म्हणाली. उशी नाही. बाळ, श्लाफझाक, म्हणजे ती बिनहातांची झोपायची पिशवी, आणि उघडी गादी. बाकी काही नाही.

"कधीपर्यंत?" मीनलने विचारलं.

"पहिलं वर्ष तर अजिबातच नाही. दुसरं पुरं होईपर्यंत थांबलात तर मलाही चांगली झोप लागेल."

मग तिने शांतपणे सांगितलं. तोंड एखाद्या मऊ गोष्टीत रुतलं तर एवढंसं बाळ मान काढून घेऊ शकत नाही. रडतही नाही. वाक्य संपलं तरी मीनलची बोटं पलंगाच्या कठड्यावरून सुटली नाहीत. त्या दिवसापासून तिला एक सवय लागली. इरा झोपली की दर थोड्या वेळाने हाताची मागची बाजू तिच्या नाकाखाली धरायची आणि श्वास लागला की मगच आपला सोडायचा. भांडी घासताना ओल्या हाताने जायची. अर्धवट खाल्लेली पोळी ताटात ठेवून जायची. मी तिची नक्कल करायचो, ती हसायची आणि हसता हसता पुन्हा जाऊन यायची.

माईंना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. खरं तर प्रश्न नव्हताच. मीनल सांगणार होती. फोनवर माईंचा चेहरा आला, मागे त्यांच्या स्वयंपाकघरातली पितळी डब्यांची रांग आली, आणि माईंनी विचारलं, "पोचली का गं उशी? झोपते ना पोर तिच्यावर?"

मीनलने तोंड उघडलं. मी मागून वाकून म्हणालो, "झोपते म्हणजे काय, माई! उतरायला तयार नाही."

बोलून गेलो. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला टाळी मिळाल्यासारखं झालं.

"मग दाखवा बरं," माई म्हणाल्या. "रविवारी दाखवा, झोपलेली असेल तेव्हा."

अशी आमच्या प्रयोगांना सुरुवात झाली. रविवारी बाराला कोपऱ्यावरच्या चर्चच्या घंटा सुरू व्हायच्या. घंटा बराच वेळ वाजायच्या, तेवढ्यात आमची मांडणी व्हायची. पडदा अर्धा ओढायचा, म्हणजे उजेड बाळाच्या गालावर तिरका पडतो. फोन तीन जाड पुस्तकांवर. झोपलेल्या इराचं डोकं मी अलगद उचलायचो, मीनल खाली उशी सरकवायची. दाणे सरसर करायचे, इरा ओठ मुडपायची, आम्ही दोघं श्वास रोखायचो. मीनलची अट चार मिनिटांची. अंडी उकडायचं घड्याळ ती हातात घेऊनच उभी राहायची. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, गुडघे टेकून, एक हात बाळाच्या छातीजवळ. रंगमंचावर मी एकटा.

"बघा माई, कसा खळगा पडलाय!"

"अगंबाई. गोल होतंय हो डोकं."

"होतंय म्हणजे? इथले डॉक्टर विचारतात, हे डोकं कुठून आणलंत म्हणून."

मिरजेत तेव्हा चहाची वेळ असायची. माई कप तसाच हातात धरून बघत बसायच्या. घड्याळ वाजायच्या आत मी काहीतरी निमित्त काढून फोन बंद करायचो, मीनल उशी ओढून घ्यायची, उशी कपाटात जायची. नंतर ती माझ्याशी तासभर बोलायची नाही. "तुला मजा वाटते यात," एकदा म्हणाली. मी नाही म्हणालो नाही. मला खरंच मजा वाटत होती. बाहेर तो शिशाच्या रंगाचा हिवाळा, ऑफिसात कुणाशी मनातलं बोलायची सोय नाही, आणि आठवड्यातून चार मिनिटं माझं एक प्रेक्षागृह होतं, ज्यात एकच बाई बसलेली असायची आणि तिला सगळं खरं वाटायचं.

इरा दीड वर्षाची झाली आणि एप्रिलच्या शेवटी माई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. येताना मेतकूट, कुळथाचं पीठ आणि डोक्याला लावायचं, माका घालून उकळलेलं खोबरेल. बॅग उघडली तसं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर एका क्षणात दुसऱ्या कुणाचं तरी झालं. इराने त्यांच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, फोनमागे वाकून पाहिलं आणि मग माईंच्या मांडीवर जाऊन बसली.

पहिल्याच दुपारी माई म्हणाल्या, "उशी आणा बघू, ऊन देऊया."

मी कपाटातून काढून दिली. त्यांनी ती तळव्यावर तोलली. अंगठ्याने दाणे चाचपले. मग नाकाशी नेली. डोळे मिटून, लांब श्वास घेऊन, त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

"हिला मोहरीचाच वास येतोय," त्या हळूच म्हणाल्या.

बस, तेवढंच. दीड वर्ष तान्ह्या डोक्याखाली राहिलेल्या उशीला दुधाचा, घामाचा, टाळूच्या तेलाचा वास नाही. माझ्या सगळ्या नेपथ्यात मी उजेड सांभाळला, खळगा सांभाळला, आणि ही एक गोष्ट विसरलो.

मीनलसमोर त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मीनल ऑफिसला गेलेली, मी घरी. आम्ही दोघं स्वयंपाकघरात श्पार्गेल सोलत बसलो होतो. पांढऱ्या शतावरीचा तो मोसम इथे सणासारखा असतो, चौकाचौकात टपऱ्या लागतात. माई एकेक देठ उचलून बघत होत्या.

"मेलेल्या माणसाच्या बोटांसारखी आहे हो तुमची भाजी," त्या म्हणाल्या. मग त्याच सुरात, "किती मिनिटांचा खेळ असायचा, जावईबापू?"

मी सोलायची सुरी खाली ठेवली. "चार."

"रविवारीच?"

"सणासुदीला जादा."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसताहेत असं वाटून मीही हसलो. पदर खाली आला तेव्हा त्या हसत होत्याच, पण डोळे वेगळे होते.

"सांगायचं ना मला. इथल्या बायका नको म्हणतात उशी, तर नको. मी काय भांडले असते?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, माई."

"आणि आता नाही वाटलं, असं वाटतंय का तुम्हाला?"

मी पडलेली सालं गोळा करू लागलो. त्यांनी पुढचा देठ उचलला. "मिनूला बोलू नका. तिचं मूल आहे, तिची भीती आहे. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. मी आहे तोवर झाली तर बघेन."

पण ती होणार नव्हती. डॉक्टरबाईंकडची दोन वर्षांची तपासणी, जी इथे दोनेक महिने आधीच होते आणि ज्यात उशीबद्दल विचारायचं ठरलेलं, तिचा टर्मिन, म्हणजे नेमून दिलेला दिवस, होता माईंचं विमान उडाल्यावर नऊ दिवसांनी. मी फोन केला. तारीख अलीकडे आणा, आजी परत चालली आहे. पलीकडच्या बाई म्हणाल्या, मुलाला ताप आहे का? नाही. मग नाही. मी पुन्हा केला, या वेळी जरा आजारी आवाजात. "काल तुम्हीच होतात ना?" त्यांनी विचारलं. माई बाजूला बसून ऐकत होत्या. जर्मन कळत नसलं तरी माझा पडलेला प्रयोग त्यांना बरोबर कळायचा. "राहू दे," त्या म्हणाल्या.

ते तीन महिने मला वासांनीच आठवतात. जूनमध्ये रस्त्यावरच्या लिंडनच्या झाडांना मोहर आला आणि संध्याकाळी खिडकी उघडली की मधासारखं काहीतरी घरात शिरायचं. त्यात माईंच्या फोडणीचा वास मिसळायचा आणि खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ जिन्यात थांबून नाक वर करायचे. दुपारी एक ते तीन इमारतीत शांततेची वेळ. तेव्हा इरा आत तिच्या उघड्या गादीवर झोपलेली, आणि माई बाहेर खिडकीशी, सोफ्यावर, कुशीवर. गालाखाली ती मोहरीची उशी. आमच्या इथल्या ऐंशी बाय ऐंशीच्या ढगासारख्या उशा त्यांना मानवत नसत, "डोकं टेकलं की गिळतात" म्हणायच्या. म्हणून असेल, असं मला वाटलं.

"नातीची उशी आजीने पळवली," मी चिडवायचो.

"असू दे," त्या डोळे न उघडता म्हणायच्या. "जरा वापरलेली बरी."

मी विचारलं नाही, का बरी. मी तेव्हा पुढच्या चिडवण्याच्या शोधात असायचो. त्या कूस बदलायच्या, दाणे सरसरायचे, आणि आतल्या खोलीत इराही झोपेत कूस बदलायची. जणू एकीचा आवाज दुसरीच्या झोपेत पोचायचा. रोज दुपारी, एकही न चुकता, नव्वद दिवस.

निघायच्या दिवशी त्यांनी उशी एका धुतलेल्या सुती पंचात गुंडाळली आणि स्वतः स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. "डॉक्टर हो म्हणाल्या की काढा," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरबाई हो म्हणाल्या. "गेनाऊ, बरोबर, आता हरकत नाही. छोटी, चपटी, घट्ट. मोठ्यांची नको." आत काय आहे हे ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या आणि शिवण पक्की आहे ना, दाणे बाहेर यायला नकोत, असं बजावलं. मीनल म्हणाली, मी दुहेरी शिवेन. दवाखान्यातून परतताना ट्राममध्ये ती दोन वर्षांत पहिल्यांदा खिडकीला डोकं टेकून डुलकी काढत होती. मी इराला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि रविवारची आखणी करत होतो. आता खरा प्रयोग. वेळेचं बंधन नाही.

शुक्रवारी मीनल ऑफिसला गेल्यावर मी पंचा सोडला. उशीच्या मधोमध तळव्याएवढा पिवळट तेलकट डाग. शुभारंभाच्या प्रयोगाला असा पडदा? मी शिवण उसवली, मोहरी कुकरच्या भांड्यात ओतली आणि खोळ मशीनमध्ये टाकली. साठ डिग्रीवर. लव्हेंडरचं ते निळं सॉफ्टनर, एक झाकण जास्तीच. गॅलरीत वाळली तेव्हा नवी कोरी दिसत होती. मी खूश होतो. संध्याकाळी मोहरी भरून मीनलने शिवली, दुहेरी.

रविवारी घंटा वाजल्या. इरा जेवून पेंगत आली, स्वतःहून त्या उशीवर आडवी झाली, गाल दोनदा घासला आणि झोपली. घड्याळ नव्हतं. मीनल लपली नव्हती, माझ्या शेजारी उभी होती. फोनमध्ये माई, पितळी डबे, चहाचा कप. कप खाली ठेवून त्या पुढे वाकल्या. त्यांनी विचारलं, "अजून येतोय ना?"

"काय, माई?"

"वास. माझा." त्या जरा लाजल्या. "मी रोज दुपारी मुद्दाम तिच्यावर डोकं टेकायची. म्हटलं, पोर झोपेल तिच्यावर तेव्हा मी तिथे नसणार. निदान तेलाचा वास तरी असावा ओळखीचा. जिरला असेल ना आता चांगला?"

मी पलंगाशी गुडघे टेकले. इराच्या कानापाशी, उशीवर नाक ठेवलं. लव्हेंडर. स्वच्छ, थंड, दुकानातल्यासारखं लव्हेंडर. त्याच्याखाली शोधलं, आणखी खाली शोधलं.

"येतोय, माई," मी म्हणालो. "अगदी तुम्ही इथेच बसल्यासारखा."

आवाज कुठे हलला नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम मी कधी केलं नाही, आणि पाहायला मीनल होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"बरं," माई म्हणाल्या. उशी हातात असती तर एका श्वासात त्यांनी मला पकडलं असतं. फोनमधून त्यांना फक्त माझा चेहरा दिसत होता.

त्यानंतर दर रविवारी त्या विचारायच्या, "येतोय?" मी नाक टेकवायचो. "येतोय." इरा तीनची झाली, चारची झाली, माईंना मराठीत "हो" आणि बाकी सगळं जर्मनमध्ये सांगू लागली, त्यांना ओमा मिरज, म्हणजे मिरजेची आजी, म्हणू लागली. माईंचा चेहरा फोनमध्ये लहान होत गेला, मागच्या डब्यांची चकाकी गेली, चहाचा कप दुसरं कुणीतरी धरू लागलं. तरी तो प्रश्न यायचा आणि ते उत्तर जायचं. तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी मी पुस्तकांवर फोन लावून बसलो, आणि मिरजेहून फोन आला तो मीनलच्या मामांचा होता. एवढा चाललेला माझा दुसरा प्रयोग नाही. एका खेळाला चार सेकंदही लागत नसत.

मग इराला मोठी उशी हवी झाली, शाळेतल्या सगळ्यांची असते तशी. आम्ही घर बदललं. अबोली उशी कुठल्याशा खोक्यामागे गेली. मी ती कधी शोधली नाही, हेही सांगून टाकतो.

शनिवारी दिवा परत लागला तेव्हा इराने ती माझ्या हातातून घेतली. हलवून आवाज ऐकला, हसली. मग तिने जे केलं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. डोळे मिटले आणि उशी नाकाशी नेली, दोन्ही हातांनी.

"केलर," ती म्हणाली. "फक्त केलरचा वास आहे." आणि जर्मनमध्येच पुढे विचारलं, ओमा मिरजचा वास कसा होता?

मी सुरुवात केली. खोबरेल, म्हटलं. माका नावाची एक वनस्पती असते. श्पार्गेलच्या दिवसांत, खिडकीशी. माझी वाक्यं मला ऐकू येत होती, एकेक उचलून दाखवलेल्या वस्तूंसारखी. ती वाट पाहत होती. दिवा गेला.

अंधारात मी उशी परत घेतली आणि नाक टेकवलं. दमट सिमेंट. रबर. सफरचंद.

"उंड? मग?" इराने विचारलं. "येतोय का?"

"नाही," मी म्हणालो. "मी धुऊन टाकला."

तिने बटण शोधलं नाही. तिचा हात अंधारातून आला, उशीवर पडला, जरा दाबला गेला, आणि आत दाणे सरकले.